किती वेळ हललं?

आमच्या आत्याला आयुष्यात दोन गोष्टींचा तिटकारा. एक दाराच्या कडीचा आणि दुसरा कोयनेचा. पुण्यातल्या तिच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही. होत्या त्या तिने सुताराकडून काढवून घेतल्या. बाहेरच्या दाराला कुलूप आहे खरे, पण ते लावण्याचे काम तिच्या लेकीचे. आणि कोयनेचे नाव चारचौघांत निघाले, की आत्या दूध उतू जात असल्यासारखी उठून स्वयंपाकघरात जाते. दूध तर सकाळीच तापवून झालेले असते!

अशी ही आत्या यंदा नवरात्रात मला म्हणाली, "अरे, मला एकदा कोयनानगरला घेऊन चल."

मी चमकलोच. तिची ऐंशी उलटली आहे. १९६७च्या डिसेंबरात ती तिथून निघाली, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. या काळात तिने काशी केली, रामेश्वर केले, लेकीबरोबर सिंगापूरसुद्धा पाहून आली. पण कऱ्हाडच्या पश्चिमेला तिने पाऊल टाकले नव्हते. मी कारण विचारले नाही. आमच्या घरात आत्याला कोणी कारणे विचारत नाही.

आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची एक अडचण असते. भूकंप म्हटला की आम्हांला रूपक आठवते. मनात भूकंप होतो, राजकारणात होतो, कादंबरीच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात तर हमखास होतो. प्रत्यक्ष जमीन हलते ती कशी आणि किती, हे कोणी विचारले तर आम्ही विद्यार्थ्यांकडे पाहायचे! म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. हा अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होता. व्याकरणात बेताचा, पण पुढे स्थापत्य अभियंता झाला आणि इमारती भूकंपात कशा टिकतील याची गणिते मांडण्यात त्याने नाव काढले. "सर, गाडी माझी. मीच चालवतो," तो म्हणाला. "आणि आजींना दाखवायला एक कागद आणतो."

कोणता कागद, ते त्याने सांगितले नाही.

साताऱ्यापर्यंत आत्या खुशीत होती. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या लेकी. एकीने पूर्वेची वाट धरली, दुसरी डोंगरांच्या ओळींमधून सरळ दक्षिणेला निघाली. हेळवाकपाशी काय वाटले कोण जाणे, काटकोनात वळली आणि इथे येऊन बहिणीला समोरासमोर भिडली. आत्याने पाण्यात पाय बुडवले, दोन फुले सोडली आणि गाडीत येऊन बसली. मल्हारपेठ मागे पडले, पाटण आले आणि तिचे बोलणे थांबले.

पावसाळा नुकताच सरला होता. डोंगरांवर तेरडा वाळू लागला होता आणि भातांना पिवळी झाक आली होती. पाटणच्या पुढे दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. त्यांची घडण मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण पाहिली कधीच नव्हती. कड्यावर कडा, मध्ये गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. जणू कोणा अवाढव्य माणसासाठी बांधलेला जिना.

"सर, हा जिनाच आहे," विद्यार्थी म्हणाला. "या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात ना, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला तसला शब्द आहे, त्यावरून आला. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोट."

शब्दाची व्युत्पत्ती मला विद्यार्थ्याने सांगावी! मी निमूटपणे ऐकत राहिलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि त्या भेगांतून तापलेला रस वर येऊन पसरला. फुजीसारखे टोकदार शिखर इथे झाले नाही. दुधाची साय धरावी तसे थर जमत गेले. एक लोट थंड व्हायचा, त्यावर माती धरायची, मग दुसरा लोट येऊन ती माती भाजून काढायचा. रस्त्यासाठी डोंगर कापला होता तिथे त्याने गाडी थांबवली आणि काळ्या खडकांच्या मधोमध गेलेली तांबडी रेघ दाखवली. ती ही भाजलेली माती. वरचा थर घट्ट काळवत्रीचा, त्याखालचा भोकाभोकांचा, कुजक्या दातासारखा ठिसूळ. घट्ट, ठिसूळ, पुन्हा घट्ट. आपली लेणी, आपले किल्ले, आमच्या वाड्याचे जोते आणि आत्याचा पाटा-वरवंटा सगळे याच खडकाचे.

"म्हणजे कोयनेचा भूकंप ज्वालामुखीचा?" मी विचारले.

"नाही, सर. ज्वालामुखी मेला त्याला साडेसहा कोटी वर्षे झाली. भूकंपाचं मूळ या लाव्हाच्याही खाली, जुन्या ग्रॅनाइटी खडकात. लाव्हा फक्त वरची गादी. पण धक्का आपल्यापर्यंत येतो तो या गादीतून. म्हणून ती कशी आहे हे कळावं लागतं."

ती गादी किती जाड आहे हेही आता माणसाने भोक पाडून पाहिले आहे. गोठणे गावाजवळ २०१७ साली तीन किलोमीटरांहून थोडे अधिक खोल असे एक छिद्र घेतले गेले. पहिला सव्वा किलोमीटर नुसता लाव्हाचा काळा खडक लागला. त्याखाली वाळू नाही, गाळ नाही, एकदम ग्रॅनाइट आणि त्याच्याच जातीचे प्राचीन खडक. कऱ्हाडला या कामासाठी केंद्र सरकारची एक प्रयोगशाळाच उभी आहे. भूकंपाला त्याच्या घरी जाऊन भेटायचे, असा त्यांचा बेत.

कोयनानगरला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. धरणाच्या आत अर्थात जाता येत नाही. समोरच्या अंगाला नेहरू उद्यान आहे, तिथून ते सगळे दिसते. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरांहून जास्त आणि मागे शिवसागराचे निळे पाणी, कागदोपत्री १०५ टी.एम.सी. आकडे मोठे आहेत, पण पाहणाराला मोठे वाटते ते त्या भिंतीचे गप्प उभे राहणे. मुले झोपाळ्यावर झोके घेत होती. एक कुटुंब सतरंजी पसरून चकल्या खात होते. आत्याने भिंतीकडे एकदा पाहिले आणि पाठ करून बाकावर बसली.

१९६२च्या सुमारास इथे पाणी अडू लागले आणि थोड्याच दिवसांत जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. आत्या सांगते, फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणे वाजायची. बायका म्हणायच्या, "आली गं कोयनामाई!" आणि पोळी उलटायच्या. १९६७च्या १३ सप्टेंबरला बरा मोठा धक्का बसला. तोही लोक विसरले. माणूस कशालाही सरावतो. मग ११ डिसेंबरची पहाट आली. चार वाजून एकवीस मिनिटे. भूकंपाचे माप ६.३ ते ६.५च्या घरातले. सुमारे १८० माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली वा फाटली. दोनशे किलोमीटरांवरची मुंबई जागी झाली. इथली वीज गेल्याने तिथल्या गिरण्या थांबल्या. पाण्याच्या भारामुळे जमिनीत आधीच साठलेला ताण सुटतो, असे आता जगभरचे शास्त्रज्ञ मानतात आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव घेतात. दक्षिणेला वारणेचे पाणी १९८५च्या सुमारास अडले, तेव्हा धक्केही तिकडे सरकले. पण हा सगळा इतिहास झाला. माझा विद्यार्थी त्यासाठी आला नव्हता. त्याने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली.

भूकंप मोजण्याची यंत्रे दोन जातींची असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. एक आपल्या ओळखीचे. त्याला सिस्मोग्राफ म्हणतात, आणि ते जपानात धरणी हलली की कुलाब्याला समजते. ते सोनाराच्या काट्यासारखे. गुंजभर फरक सांगणारे. पण सोनाराच्या काट्यावर ज्वारीचे पोते टाकले तर? भूकंप जवळ आणि जोराचा झाला की या यंत्राचा काटा कागदाबाहेर जातो आणि नेमके जे जाणून घ्यायचे तेच हाती लागत नाही. आणि इमारत बांधणाऱ्याला तर पोत्याचेच वजन हवे असते.

म्हणून दुसरे यंत्र, अ‍ॅक्सेलरोग्राफ. हे आडत्याच्या दुकानातल्या तराजूसारखे, दांडगे. जमीन किती सरकली हे त्याला विचारायचे नाही. तिने हिसका किती जोराचा दिला, हे विचारायचे. अमेरिकेत १९३२ साली असली यंत्रे बसू लागली आणि पुढच्याच वर्षी, १९३३च्या मार्चमध्ये, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या भूकंपात त्यांनी पहिल्यांदा दांडगा धक्का कागदावर पकडला. जुन्या काळच्या यंत्राची रीत अशी: ते झोपून असे. वर्षानुवर्षे. जमीन ठरावीक जोरापेक्षा अधिक हलली, की आतला एक लोलक कळ दाबी, दिवा लागे, फोटोचा कागद फिरू लागे आणि त्यावर प्रकाशाच्या तीन रेघा उमटत. एक लांबीच्या दिशेची, दुसरी रुंदीच्या दिशेची, तिसरी वर-खालची. यात एक उणेपण होते. यंत्र जागे होईपर्यंतचा पहिला क्षण निसटून जाई.

"पहाऱ्यावर झोपलेल्या गुरख्यासारखं," मी म्हणालो.

"हो, पण जागा झाल्यावर अगदी खरं बोलणारा गुरखा," तो म्हणाला. "आताची यंत्रं झोपत नाहीत. सारखी ऐकत असतात आणि मागचे काही सेकंद लक्षात ठेवतात. धक्का बसला, की आधीचं आठवूनसुद्धा लिहितात."

असे एक यंत्र १९६७च्या त्या पहाटे धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, म्हणजे हे लोक ज्याला गॅलरी म्हणतात तिच्यात, बसवलेले होते. ते जागे झाले आणि त्याने लिहिले. त्या लिखाणाची नक्कल विद्यार्थ्याने बाकावर पसरली. वाऱ्याने उडू नये म्हणून मी एका टोकावर माझा चष्म्याचा डबा ठेवला. तीन दातेरी रेघा. एखाद्या तान्ह्या मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी आणि त्याने रागाने कागदावर ती घासावी, तशा.

"आजी, धरणाच्या लांबीच्या दिशेनं सर्वांत मोठा दात आहे ना, तो ०.६३चा," तो म्हणाला. "प्रवाहाच्या दिशेनं ०.४९, वर-खाली ०.३४."

"कशाचा ०.६३?" मीच विचारले.

पृथ्वी आपल्याला खाली ओढते त्या ओढीला एक धरायचे. तुमचे वजन साठ किलो असेल, तर अडतीस किलोंचे ओझे कोणी तुमच्यावर आडवे, बाजूने टाकावे, असा तो हिसका. एस.टी.च्या ड्रायव्हरने म्हैस आडवी आली म्हणून जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला, तर आपण पुढच्या बाकावर आदळतो तो साधारण याच जातीचा. पण तो एका दिशेचा आणि एकदाच. इथे पुढे, मागे, पुढे, मागे, सेकंदात कित्येकदा. कठीण खडकातून जवळून येणारा धक्का असा तीक्ष्ण आणि भरभर असतो. १९४०च्या एल सेंट्रोच्या भूकंपाची नोंद तोवर सगळे अभियंते प्रमाण मानत; ती एक-तृतीयांशाच्या आसपासची. कॅलिफोर्नियातच पार्कफील्डला १९६६ साली निम्म्यापर्यंत गेली. आणि आमच्या कोयनेने ०.६३ लिहिले. पुढे १९७१ साली कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या एका धरणाजवळ सव्वापट नोंद झाली आणि तो मान आपल्याकडून गेला. असले मान गेलेले बरे.

धरण बांधताना हिशेब धरला होता तो ०.०५चा. बारा-तेरा पटींनी जास्त हिसका बसला तरी ते उभे राहिले. कसे? विद्यार्थी म्हणाला, हिसका मोठा असला तरी क्षणाचा असतो. भिंत पुढे झुकायला लागते न लागते तोच तो मागे ओढतो. जिथे भिंतीचा उतार वरच्या बाजूला एकदम बदलतो, त्या मानेपाशी मात्र दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या आणि पाणी झिरपले. मागाहून पाठीला काँक्रीटचे टेकू देऊन ती मजबूत केली. आज उद्यानातून दिसते ती पाठ या टेकूंची आहे. आणि कोयनेच्या त्या तीन रेघा? जपान असो की अमेरिका, धरणाचे गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात त्या सापडतात. मराठी मुलखातला इतका वाचला गेलेला दुसरा मजकूर मला तरी ठाऊक नाही!

तो आणखी सांगत होता आणि मला ते कथेसारखे वाटू लागले होते. जिवंत ज्वालामुखीच्या मुलखात मोजणे फार अवघड, म्हणे. इटलीत सिसिली बेटावर एटना आहे. २०१८च्या २६ डिसेंबरला, पहाटे तीनच्या पुढे, त्याच्या कुशीत ४.९चा भूकंप झाला. आपल्या हिशेबी किरकोळच. पण तो जेमतेम किलोमीटरभर खोल होता. फ्लेरी नावाच्या गावाची घरे उभी फाटली आणि थोड्याच अंतरावरच्या कातानिया शहरातले लोक दचकून उठले, एवढेच. जिवंत ज्वालामुखीचा डोंगर आतून तापलेला, भेगाळलेला, राख आणि लाव्हा एकाआड एक. कापसाच्या गादीवर बुक्की मारावी तसा तो धक्का शोषून घेतो. म्हणून तिथे यंत्रे दाट, गावोगावी पेरावी लागतात; एकच यंत्र दहा मैलांवर ठेवले तर गावातला हिसका किती जोराचा होता हे त्याला कळणार नाही. हवाई बेटांतल्या किलाउएआ ज्वालामुखीचे तोंड २०१८च्या उन्हाळ्यात खचत गेले, तेव्हा तीनएक महिन्यांत बासष्ट वेळा पाचच्या आसपासच्या मापाचे धक्के बसले. शेजारच्या वस्तीत भांडी रोज पडत, पण दूरच्या लोकांना फारसे काही नाही.

आपला दख्खन याच्या उलट. हा थंड, जुना, घट्ट झालेला मुलूख. पितळेच्या घागरीवर टिचकी मारली की नाद लांब जातो, तसा इथला धक्का मुंबईपर्यंत गेला. मात्र नदीकाठी, काळ्या मातीच्या जाड थरावर घर असेल तर तोच धक्का वाढतो. खडकावर आणि मातीवर अशी दोन्हीकडे यंत्रे हवीत ती यासाठी. धरणाच्या पोटातल्या यंत्राने सांगितले ते त्या जागेचे. गावातल्या मातीवर काय झाले, ते सांगणारे तिथे कोणी नव्हते.

"आणि किल्लारी?" मी विचारले.

तो जरा गप्प झाला. १९९३च्या ३० सप्टेंबरला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी गेली. तीही याच लाव्हाच्या गादीवर. तिथे ती साडेतीनशे मीटरांच्या आतलीच. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली सापडली. आणि त्या मुख्य धक्क्याची जवळची नोंद नाही. तिथे भूकंप होईल असे कोणाला वाटलेच नव्हते, त्यामुळे तिथे झोपलेला गुरखासुद्धा ठेवलेला नव्हता. "सर, किती जोरानं हललं, ते आम्ही पडलेल्या भिंतींवरून आणि ढळलेल्या दगडांवरून अंदाजानं काढतो. माणसं गेली आणि आकडाही गेला."

"भूकंपाला पहाटेची फार आवड दिसते," मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो.

"तसं नाही. दिवसाचे तुमच्या लक्षात राहत नाहीत. लोक बाहेर असतात म्हणून."

इतका वेळ आत्या काही बोलली नव्हती. ती त्या रेघांकडे पाहत होती. मग तिने बोट ठेवले ते आकड्यांवर नव्हे, खालच्या काठावर. तिथे बारीक खुणा होत्या.

"हे काय?"

"वेळ, आजी. एकेक खूण म्हणजे एकेक सेकंद."

"किती वेळ हललं रे?"

"कागदावर जोराचं हलणं दहा सेकंदांच्या आत संपतं. त्यातली खरी दांडगाई पहिल्या सहा-सात सेकंदांची."

"काहीतरीच!" आत्या म्हणाली. "पंधरा मिनिटं तरी चाललं होतं."

"मागाहून पुष्कळ धक्के बसले, आजी. दिवसभर बसले. ते सगळे मिळून तुम्हांला तसं वाटलं असेल. पण पहिला, घरं पाडणारा, तो एवढाच."

इथे मला आत्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आतोबा धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते आणि त्या रात्री ड्यूटीवर होते. घरात आत्या, दहा महिन्यांची माझी आतेबहीण आणि आत्याच्या सासूबाई. वस्तीतल्या पुष्कळ घरांसारखेच घर. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. आत्या मुलीला घेऊन बाहेर होती. सासूबाई आत राहिल्या. त्यांना काढले तेव्हा उजाडले होते. पुढे तेराव्याला जमलेल्यांपैकी कोणीतरी, आत्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "सून बाहेर आणि सासू आत!" हे वाक्य आमच्या घरात मी दोनदाच ऐकले आहे, आणि दोन्ही वेळा आत्याच्याच तोंडून. ती सांगायची ते असे: हलायला लागले, मला जाग आली, मी मुलीला उचलले, कडी काढली, बाहेर पळाले. मागून सासूबाईंनी हाक मारली. परत जायला वेळ होता. मी गेले नाही.

"सहा-सात म्हणजे किती? मोज बघू," आत्या विद्यार्थ्याला म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग हाताच्या घड्याळावर नजर ठेवून तो सावकाश मोजू लागला. एक. दोन. आत्याने डोळे मिटले होते. तिचे हात हलत होते. पांघरूण बाजूला झाले. पाळण्यात वाकून मूल उचलले. डाव्या खांद्यावर घेतले. पाच. सहा. उजवा हात वर, कडीकडे गेला. सात. हात तिथेच, हवेत.

"पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजले. पुन्हा हात कडीपाशीच राहिला. चकल्या खाणारे कुटुंब आमच्याकडे पाहू लागले होते.

"ती कडी ताठ होती," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "हे म्हणायचे, तेल घालतो. ओढायला दोन हात लागायचे. एका हातानं निघायचीच नाही." मग बराच वेळ थांबून म्हणाली, "मग मी बाहेर आले कशी?"

कोणीच उत्तर दिले नाही. विद्यार्थी हलकेच म्हणाला, "आजी, यंत्र सुरू होण्याआधीचा एखादा क्षण यात नाही. पण एखादाच."

"एखाद्या क्षणानं काय होतंय!" ती म्हणाली.

उद्यानातून निघून आम्ही जुन्या वस्तीची जागा शोधत गेलो. आता तिथे ओळखीचे काही नाही. नवी घरे आहेत, एक किराणा दुकान आहे, एका पडक्या जोत्यावर घाणेरी माजली आहे. आत्याने तिघाचौघांना विचारले, हात करून दिशा ठरवल्या, एका आंब्याकडे पाहून "हा तेव्हा नव्हता" असे म्हणाली. मग त्या जोत्याच्या दगडावर बसली. दगड काळवत्रीचा, एका बाजूने घडवलेला. तिने त्यावरून हात फिरवला.

"तिला खोकला होता," आत्या एकाएकी म्हणाली.

"कोणाला?"

"तुझ्या ताईला. रात्रभर खोकत होती. सासूबाईंचा डोळा लागेना. त्या म्हणाल्या... म्हणाल्या असतील... की जरा ओसरीवर घेऊन बस तिला, पाणी तापवते मी. चूल त्या पेटवायच्या. मला पेटवू द्यायच्या नाहीत, धूर करते म्हणून." ती थांबली. "की हे आदल्या दिवशीचं?"

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. एवढे त्याच्या कागदात नव्हते.

"ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा त्या कुठे होत्या?" मी विचारले. पन्नास वर्षांत हे कोणी तिला विचारले नसावे.

"चुलीपाशी," आत्या म्हणाली.

त्यानंतर ती पुष्कळ वेळ बसून होती. ऊन चढले होते. दुकानदाराने काही न विचारता तीन पेले पाणी आणून दिले. आत्याने त्याला कुठला, कोणाचा विचारले. तो तेव्हा जन्मला नव्हता. त्याच्या आजोबांचा पाय त्या पहाटे गेला होता, एवढे त्याने सांगितले आणि गिऱ्हाईक आले म्हणून तो परत गेला.

परतताना पाटणला चहा घेतला. आत्याने दोन बटाटेवडे खाल्ले आणि मिरची तिखट नाही अशी तक्रार केली. गाडीत बसताना तिने विद्यार्थ्यापुढे हात केला.

"तो कागद दे मला."

"आजी, मी घरी चांगली प्रत काढून पाठवतो. ही चुरगळलीय."

"हीच दे. आज रात्री ताईला दाखवायचीय." त्याने गुंडाळी दिली. तिने ती उलगडली, चार घड्या घातल्या आणि पिशवीत पाण्याच्या बाटलीमागे नीट उभी ठेवली. "आणि काय रे, यात सेकंद कुठून मोजायचे, ते पेनानं खूण करून दे. मला पुन्हा सापडायचं नाही."